पोटुशीचं नाक

टाकी वॉर्ड, जि. गोंदिया
६ एप्रिल २००३

प्रिय अल्काताई,

सप्रेम जयभीम. आधी गोड बातमी लिहिते, मग रडगाणं. मला दिवस गेले आहेत. तिसरा महिना लागला. दवनीवाड्याला आपल्या बाबांना अजून कळवलेलं नाही. आई असती तर पहिलं पत्र तिला गेलं असतं. ती नाही, म्हणून तुला.

इकडे उन्हाळा लागला तसं नळाचं पाणी करंगळीएवढ्या धारेवर आलं. पाण्याचा एक पितळी गुंड भरायला जीव जायचा. यांना ते पाहवलं नाही. यांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात एक जुना टुल्लू पंप पडून होता. तो दुरुस्त करून यांनी सरळ आपल्या नळाच्या पाइपला जोडून दिला. आता बटन दाबलं की पाणी असं ओढून येतं की बादली पाहता पाहता भरते. मला म्हणाले, "आता तुले नळाखाली वाकाचं काम नाई." गल्लीने ते पाहिलं आणि दुकानावर पंपांसाठी गर्दी झाली. आज आमच्या लाइनीत जवळजवळ घरोघरी यांनी बसवलेला पंप आहे. शेजारी सुखवंताकडेही आहे. सुखवंता म्हणजे पवारांची सून. तिचा नवरा धनेंद्र बिरसीकडचा, इथे बीजभांडारात कामाला आहे. दोघंच राहतात. ती माझ्यापेक्षा तीन महिने पुढे आहे, म्हणून आमची चांगली जमली.

पण ताई, पाण्याला वास येतो.

आधी वाटलं बादलीचा असेल. बादली राखेने घासली. मग वाटलं माठाचा. माठ बदलला. वास पाण्याचाच आहे. कसा, ते लिहितानाही कसंतरी होतं. ओल्या पोत्यात धान सडलं की येतो तसा, आणि त्याच्या मागून दुसरा एक येतो, हागणदारीकडून वारा आला की येतो तो. तोंडात घेतलं की आधी गुळमट लागतं आणि मग जिभेवर साबणासारखं चिकटून बसतं. चहा केला तर चहात. वरणात हिंग घातला तर हिंग वेगळा आणि घाण वेगळी कळते. आंघोळ करून आले की माझ्याच केसांची मला शिसारी येते.

सासूबाईंनी वास घेतला, यांनी घेतला. दोघंही म्हणतात, काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशीच्या नाकाले गुलाबही सडका लागते." तुला दोन लेकरं झाली, अंगणवाडीत रोज पोटुश्या पाहतेस. खरंच असं होतं का?

भाऊजींना जयभीम, पोरांना पापा.

तुझी
रश्मी

*

प्रतापगड, ता. अर्जुनी मोरगाव
१५ एप्रिल २००३

रश्मे,

तुझं पत्र वाचून मी अंगणवाडीतल्या पोरांना गूळ वाटला. कशाचा ते सांगितलं नाही. पाचवा लागेपर्यंत गवगवा नको.

वासाचं म्हणशील तर होते, असंच होते. मोठ्याच्या वेळी मला भात शिजल्याचा वास चालत नव्हता. आपल्याकडे भाताशिवाय शिजते काय दुसरं? मी दुपारभर चिंचेखाली जाऊन बसायची आणि सासू गावाला सांगायची की माही सून कामचोर आहे. धाकटीच्या वेळी तुझ्या भाऊजींच्या अंगाचा वास यायचा. त्यांना पडवीत झोपवलं. दर्ग्यावर लोभान जाळला की मला इकडे घरात उलटी व्हायची. लेकरू झालं आणि सगळं गेलं. तशी ही पाण्याची गोष्ट जाईल.

माठात तुरटी फिरव. वाळ्याची जुडी टाक. लिंबू चोख. पण पाणी पी. पोटुशीनं पाणी तोडलं तर लघवीला जळजळ होते, मग ताप येते, मग लेकरावर जाते. सासूबाई बोलतात ते कडू वाटत असेल, पण खोटं नाही. आणि तुझ्या नवऱ्यानं तुझ्यासाठी पंप लावला त्याचं कौतुक कर जरा. इथे आमच्या घरी विहिरीचा रहाट मोडून पडला आहे, कोणी हात लावून नाही राहिलं.

तुझी ताई

*

टाकी वॉर्ड
२४ एप्रिल २००३

आदरणीय अल्काताईंना लोकेशचा जयभीम.

मी कधी पत्र लिहीत नाही. आज लिहून राहिलो कारण रश्मी ऐकून नाही राहिली. भर उन्हात कमरेवर गुंड घेऊन विहाराजवळच्या बोरिंगवर जाते. ज्या कामासाठी मी पंप लावला, तेच काम ती दुप्पट करते. परवा आईनं भरलेला माठ तिनं आईसमोर नालीत ओतला. आई दिवसभर जेवली नाही. मी विचारलं, "असं काऊन करतेस?" तर म्हणते, "तुमाले वास येत नाई, यात माहा काय दोष?"

मी पाणी पिऊन पाहिलं. आई पिते, गल्ली पिते. थोडंफार मातकट लागते, ते उन्हाळ्यात लागतेच. पण ती बाया-बायांत बोलते आणि गल्लीत गोष्ट फिरून राहिली की लोकेशच्या पंपाचं पानी बास मारते. दोन माणसं पंप वापस करतो म्हणाली. ते जाऊ द्या. मला भीती आहे ती वेगळी. ती वाळून चालली. गालफडं बसून गेली.

तुमचं ती ऐकते. तुम्ही दोन शब्द कडक लिहा. मी लिहिलं हे मात्र तिला सांगू नका. तिला वाईट वाटेल.

तुमचा
लोकेश

*

प्रतापगड
२ मे २००३

रश्मी,

या खेपेला मी लाडानं नाही लिहिणार. तू एकटी नाहीस आता. पोटात जीव आहे आणि तू नाक मुरडत बसलीस. मेच्या उन्हात विहाराजवळच्या बोरिंगवर जाणं बंद कर. पाय घसरला तर काय करशील? घरात मोटरीनं पाणी येते आणि तुला ते नको. अशानं लोक म्हणतील, बारावी शिकली म्हणून मिजास आली.

माझ्या अंगणवाडीत येणाऱ्या बाया बोडीचं पाणी पितात, ज्यात म्हशी बसतात. त्या कुरकुर नाही करत. सासूबाईची माफी माग. भरलेलं पाणी ओतू नये कोणाच्या समोर. आणि तुझा नवरा तुझ्यासाठी झुरून राहिला ते दिसत नाही का तुला?

उलट उत्तर पाठवू नको. पाणी पिते एवढंच पाठव.

ताई

*

टाकी वॉर्ड
११ मे २००३

ताई, जयभीम.

बोरिंगचं मी तुला कधी लिहिलंच नव्हतं. माठ ओतल्याचंही नाही. हे कोणी लिहिलं ते मला कळलं. मी यांना काही बोलले नाही. नवऱ्याने न ऐकणं मी समजू शकते. तुझं वाटलं नव्हतं.

आता ऐक. मी काही वाढवून लिहीत नाही.

सासूबाई पंपाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधतात, दुहेरी. रविवारी ते मी सोडलं. आतून ते काळपट चिकट झालं होतं, शेंबडासारखं. त्यात एक लांब केस होता. आमच्या घरात कोणाचा नाही, मेंदीने लाल झालेला. आणि केसाच्या बाजूला एक लाल किडा, सुताएवढा, वळवळत होता. मी सासूबाईंना बोलावलं. त्यांनी तो खराट्याच्या काडीने उचलला, नालीत टाकला, फडकं झटकलं आणि पुन्हा बांधलं. म्हणाल्या, "गाळून निंगला ना तो? मंग आता कायचं?" त्याच पाण्याचा चहा त्यांनी पाहुण्यांना दिला. पाहुणे बशी तोंडाला लावून फुरके मारत होते आणि मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होते. शेवटी मागच्या अंगणात गेले आणि पोटात नव्हतं तेही पडलं.

सोमवारी मी पालिकेत अर्ज दिला. तिथला बाबू म्हणाला, "शिकायत एकटीचीच आहे तुमची. बाकी वॉर्ड तर पिऊन राहिला." तरी नमुना नेला. पण कुठून नेला माहीत आहे? टाकीखालून. आमच्या नळाचा नाही. मग उत्तर आलं, पाणी पिण्यास योग्य. आणि दुसऱ्या दिवशी टाकीत ब्लीचिंग टाकलं इतकं की डोळे चुरचुरले. आता घाण आणि ब्लीचिंग दोन्ही एकत्र येतात. मेलेल्या घुशीवर कोणी फिनाइल ओतलं तर कसं होईल, तसं.

सुखवंताला विचारलं. तिने हळूच सांगितलं, "दीदी, मले बी येते." मला रडूच आलं. म्हटलं, चल माझ्यासोबत बोरिंगवर. तर म्हणाली, सातवा लागला, गुंड उचलवत नाही. मग मी तिच्यासाठी एक गुंड आणते सकाळी. पण एका गुंडात तिचं काय होतं? उन्हाळा आहे, ती नळाचं पितेच.

तू म्हणालीस पाणी पिते एवढंच पाठव. पीत नाही.

रश्मी

*

प्रतापगड
१९ मे २००३

रश्मे,

तुझं पत्र वाचलं आणि हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. मी चुकले. पोटुशीला नसलेला वास येत नाही, असलेला जास्त येते. आम्हाला प्रशिक्षणात हे कोणी सांगितलं नाही आणि मीही डोकं चालवलं नाही.

बोरिंगचंच पी, पण गुंड लोकेशजींना आणायला लाव. तेही उकळून पी. सुखवंतालाही सांग. दोघींपैकी कोणाला ताप आला, अन्न नको झालं, लघवी गर्द पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. माळ बांधणं, पिलिया झाडणं यात एक दिवसही घालवू नका. साध्या माणसाला काविळीतून उठता येते. पोटुशीला तिथं धोका असते.

जमलं तर माझ्याकडे ये. घर लहान आहे, पण विहीर साफ आहे. भाऊजींनी रहाट बसवला.

तुझी ताई

*

टाकी वॉर्ड
९ जून २००३

ताई,

सुखवंता गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी तिला वाचून दाखवलं होतं. ती हसली. म्हणाली, "मले काय झालं, मी तं म्हशीवानी आहो." चार दिवसांनी तिला ताप आला. मी म्हटलं डोळे दाखव. उन्हात नेऊन पाहिले. हळदीत बुडवल्यासारखे पिवळे होते. मी धनेंद्रला म्हटलं, आजच दवाखाना. तो निघालाही होता. पण गावाहून त्याची आई आली होती. ती म्हणाली, "पिलिया दवाईनं नाई उतरत, माळेनं उतरते." माळ बांधली. माळ जशी गळ्यातून खाली उतरेल तसा रोग उतरेल म्हणे. माळ उतरत होती खरी. सुखवंता बडबडू लागली. मला ओळखेना. धनेंद्रला म्हणायची, पाणी दे, आणि दिलं की थुंकायची.

सरकारी दवाखान्यात नेलं तर डॉक्टरीण बाई म्हणाली, उशीर झाला, नागपूरला न्या. भंडाऱ्याच्या पुढे रस्त्यातच ती गेली. गाडीत मी नव्हते. धनेंद्रने आल्यावर मला एवढंच सांगितलं, "वहिनी, लेकरू आखरीपर्यंत हालत होतं."

मी तुझ्यापासून एक लपवलं. यांनाही कावीळ आहे. महिनाभर तुला लिहिलं नाही, कारण तू धावत आली असतीस. यांचं आता उतरतं आहे, पण अंगात काही राहिलं नाही. भिंत धरून चालतात. गल्लीत आणखी पुष्कळ जण पडले, पोरंही. एवढे पडले तेव्हा पालिकेला आमचा नळ दिसला.

काल पालिकेचा लाइनमन ईश्वरदास आला, दोन मजूर घेऊन. त्यांनी आमच्या घरासमोरची नाली उपसली. ताई, तुला माहीत आहे ती नाली. घराघरांच्या संडासाचं त्यातच येतं, डुकरं त्यातच लोळतात. तो काळा चिखल फावड्याने वर काढला तेव्हा लोक नाकाला रुमाल लावून मागे सरले. खाली आमचा पाइप निघाला. नालीच्या शेजारून नाही, नालीच्या आतून गेलेला. सडून चाळणीसारखा झालेला. जोडाच्या ठिकाणी कधीतरी कोणी सायकलची ट्यूब गुंडाळली होती, ती कुजून लोंबत होती. तिच्या आत तेच लाल किडे, गुच्छाच्या गुच्छ.

लोकांनी ईश्वरदासला घेरलं. तो म्हणाला, "पाइप सडला, तो आमचा गुन्हा. मान्य. पन पंप कोनाचे? लाइनीत पानी कमी राह्यलं का पंप बाहेरचं ओढते. नळ नाई, तुमी नाली ओढून राह्यले घरात." लगेच सगळे एकमेकांकडे बोट दाखवू लागले. माझा पंप लहान आहे, त्याचा मोठा आहे. शेवटी सगळ्यांच्या माना आमच्या दाराकडे वळल्या. हे दारातच उभे होते, पिवळे.

मी नालीजवळच बसले आणि ओकले. कोणाला वाटलं डोहाळे. एक बाई म्हणालीसुद्धा, "घरात जा वं, पोटुशीनं अशी घान पाहू नाई." मी दोन महिने तीच घाण पेल्यात पाहत होते.

तेवढ्यात धनेंद्र आला. त्याच्या हातात त्याच्या घरचा पंप होता, पाइपसकट उखडलेला. त्याने तो यांच्या पायाजवळ ठेवला. वळला आणि गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर यांना सोपं गेलं असतं.

मला इथलं काही गिळवत नाही, बोरिंगचंही नाही. आपलीच थुंकीही घाण वाटते.

रश्मी

*

प्रतापगड
१४ जून २००३

लोकेशजी,

रश्मीला घ्यायला मी बुधवारी येते. बाळंतपण इथंच होईल. तुमच्या आईंना विचारण्यासाठी हे पत्र नाही, कळवण्यासाठी आहे.

तुम्ही मला लिहिलं, मी तिला दटावलं. आपण दोघांनी मिळून तिला ते पाणी पाजायचा पुष्कळ प्रयत्न केला. तिनं ऐकलं नाही म्हणून ती आज आहे. याहून जास्त मला लिहिता येत नाही आणि तुम्हाला आणखी बोलून मला काही मिळणार नाही. तुम्ही आजारातून उठा. उकळलेलं पाणी, ऊस, मुगाचं वरण. तेल बंद.

उठल्यावर गल्लीचं काय ते पाहा. ते काम तुमचं आहे.

अल्का

*

टाकी वॉर्ड
२२ ऑगस्ट २००३

प्रिय रश्मी,

जयभीम. तू गेल्यापासून हे माझं पहिलं पत्र. आधी हातात ताकद नव्हती, नंतर तोंड नव्हतं.

आपला पंप मी काढला. त्याच दिवशी मी गल्लीत घरोघरी गेलो. म्हटलं, मी बसवले, मीच फुकट काढून देतो. काही जणांनी काढू दिले. काही जण म्हणाले, "सगळे काढतील तं आमी बी काढू." एकानं सांगितलं, "तुही बायको माहेरी बसून साफ पानी पिऊन राह्यली, आमाले कायले ग्यान देतं?" त्याच्या घरात दोन पोरं पिवळी होऊन उठली आहेत. आणि पंप चालूच होता. रात्री तो घरघर करायचा आणि मला झोप यायची नाही. मोटर माझ्याच हातची गुंडाळलेली होती. आवाजावरून ओळखायचो.

पालिकेत आम्ही गेलो, सारा वॉर्ड. तुझा मेमधला अर्ज तिथं होता म्हणून त्यांना आम्ही उशिरा आलो असं म्हणता आलं नाही. साहेब म्हणाले, पावसाळ्यानंतर पाइप टाकू. बायांनी तिथंच जिन्यावर बसकण मारली. आईही बसली. तुला खरं वाटणार नाही. नालीतून निघालेला तो पाइपाचा तुकडा आईनं लुगड्यात गुंडाळून नेला होता. तो तिनं साहेबाच्या टेबलावर ठेवला. चिखल गळत होता. साहेब उठून खिडकीपाशी गेला. आई म्हणाली, "बसा ना साहेब. आमी हे पेत होतो." महिन्याभरात नवीन लाइन पडली. नालीतून नाही, भिंतीच्या कडेनं, वर. पाण्याची धार बरी आहे आता, म्हणून उरलेले पंपही एकेक करून निघाले. तो घरघर करणाराही.

धनेंद्र माझ्याशी बोलत नाही. मी त्याच्या दारावरून जातो तेव्हा तो आत जाते.

आईला अजून तो किडा आठवते. जेवता जेवता ताट सारून उठते. मागं म्हणाली, "मी त्या पाहुन्याले चाय पाजला."

तू येशील तेव्हा ये. घाई नाही. पण येशील ना?

लोकेश

*

टाकी वॉर्ड
१८ जानेवारी २००४

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. आम्ही दोघी सुखरूप पोचलो. पोरगी एसटीत अर्जुनीपासून झोपली ती घरीच उठली. सासूबाईंनी दारात तिच्यावरून भाकरतुकडा उतरवला आणि लगेच मला म्हणाल्या, "पानी उकळून ठेवलं आहे." मी पायरीवर उभीच होते. एवढ्यात त्यांनी ते सांगितलं.

हे वाळले आहेत, पण रंग परत आला. पोरीला हातात घेताना आधी हात साबणाने धुतात, मग पुन्हा धुतात. दुकानात आता पंखे आणि कूलरचं काम घेतात. टुल्लू पंप कोणी आणला तर दुरुस्त करत नाहीत.

आता इथली एक गोष्ट सांगते. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आले आणि कोपऱ्यावरच्या घरची बाई पेला घेऊन आली. म्हणाली, "जरा पाहाय वं, बरोबर आहे का." मला आधी कळलंच नाही. मी पेला नाकाशी नेला तशी ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी म्हटलं ठीक आहे, तेव्हा ती घरी गेली आणि तिने माठ भरला. दुसऱ्या दिवशी तिघी आल्या. आता रोज कोणी ना कोणी लोटी नाहीतर पेला घेऊन दारात असतं. ज्या बाया म्हणत होत्या हिला शिकल्याची मिजास आहे, त्याही. मी नाक लावते, त्या श्वास रोखून पाहतात.

आणि ताई, मला काहीच कळत नाही. तू लिहिलं होतंस तसंच झालं. लेकरू झालं आणि नाक गेलं. म्हणजे आहे तसं आहे, सगळ्यांसारखं. भाताला भाताचाच वास येतो, पाण्याला कशाचाच नाही. तेव्हा बादलीच्या पलीकडून कळत होतं. आता ती नाली पेल्यात थोडी थोडी आली तरी मला कळणार नाही.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "नको सांगू. लोकाले भरवसा आहे." मी म्हटलं, असाच भरवसा त्यांना तुमच्या पंपावर होता. मला वाईट वाटलं, पण बोलले ते बोलले.

मग मी सांगायला लागले. बाई, मला आता तुमच्यापेक्षा जास्त कळत नाही, उकळून प्या. तर विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा वास येतो म्हणत होते तेही मानलं नाही, आता येत नाही म्हणते तेही मानत नाहीत. एक म्हणाली, "लपवते वं. पालिकेनं काई देलं असंल."

काल संध्याकाळी धनेंद्र आला. आल्यापासून मी त्याला पाहिलं नव्हतं. हातात स्टीलचा पेला, काठोकाठ भरलेला, सांडू नये म्हणून दुसरा हात खाली धरलेला. हे आतून उठले आणि तिथेच थांबले. धनेंद्रने यांच्याकडे पाहिलं नाही. पेला माझ्यापुढे धरला.

मी वास घेतला. काही नाही. मी म्हटलं, "भाऊ, खरं सांगू? मला आता काही समजत नाही. माझं नाक आता साधं झालं. तुम्ही रोज उकळूनच पित जा."

तो पेल्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, तिनं बी सांगतलं होतं मले. दोनदा. पान्याले बास येते म्हणे. मी म्हटलं, नाक बंद करून पी."

मागे हे उभे होते. सासूबाई पोरीला घेऊन दाराशी आल्या होत्या.

मी त्याच्या हातातला पेला घेतला, पाणी आमच्या गंजात ओतलं आणि तो चुलीवर ठेवला. धनेंद्र पायरीवर टेकला. हे बाहेर आले आणि त्याच्या बाजूला बसले, थोडं अंतर सोडून. धनेंद्र या वेळी उठला नाही. पाण्याला उकळी येईपर्यंत दोघंही समोरच्या भिंतीकडे पाहत बसून होते.

तुझी
रश्मी